त्याच जागी पुन्हा बस

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझी स्केचची वही आणि तिच्यात घडी करून ठेवलेले पत्र तुझ्या आईने गेल्या आठवड्यात घरी आणून दिले. हात चांगला आहे, हे तुलाही ठाऊक आहे, तेव्हा त्यावर शब्द घालवत नाही. तू लिहितेस की माणसे चित्र पुरे होईपर्यंत थांबत नाहीत. मोबाइलवर फोटो काढून घरी चित्र केले तर ते निर्जीव होते. आणि सरता काळ कागदावर यावा अशी फार इच्छा असूनही खानापुरात तो दिसेल असे काही घडतच नाही, म्हणून पुण्याला जाऊन राहावे असे वाटू लागले आहे. या गोंधळाचे मूळ मला तुझ्या वहीतच सापडले. कमल बस्ती, राजहंसगड, नंदगड, गोकाकचा धबधबा, बेळगावचे स्टेशन, कुंभाराचे अंगण, मलप्रभेचा घाट. अख्ख्या वहीत एकही जागा दुसऱ्यांदा आलेली नाही.

मग काळ दिसणार कोठून? तो एका चित्रात नसतोच. तो दोन चित्रांच्या मधल्या फरकात असतो, आणि फरक दिसायला जागा तीच असावी लागते. या पत्रात मला सांगायचे आहे ते एवढेच, आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: त्याच जागी परत बस.

कमल बस्तीचे चित्र घे. इ. स. १२०४ मध्ये रट्ट राजांचा मंत्री बिचिराज याने बांधवलेले ते जैन मंदिर आठशे वर्षे बेळगावच्या किल्ल्यात उभे आहे आणि तुझ्या पुढच्या खेपेलाही तेथेच असेल. छतातल्या कमळाची प्रत्येक पाकळी तू निगुतीने काढलीस; पण दाराशी वाकून चपला काढणारी बाई मात्र पेन्सिलीच्या चार फटकाऱ्यांत उरकलीस, कारण ती हलली. जे थांबणार होते त्याला तू सगळा वेळ दिलास आणि जे जाणार होते त्याला काहीच दिले नाहीस. हायर ग्रेडच्या चित्रकला परीक्षेत या नेटकेपणाला गुण मिळतात, हे मी शाळेत आयुष्य काढलेला माणूस जाणतो. पण तू मागते आहेस ते दुसरेच काहीतरी आहे.

माणसे थांबत नाहीत हे खरे आहे; ती परत येतात, हे तू अजून पाहिलेले नाहीस. बेळगावच्या वडगावात मागावर बसलेला विणकर पाहा, बाजारात मिरच्या भरून देणारी बाई पाहा, चाकावरचा कुंभार पाहा. काम करणारे शरीर थोड्या थोड्या वेळाने त्याच ठेवणीत परत येते. म्हणून एका पानावर एकाच माणसाच्या तीन आकृत्या एकाच वेळी सुरू कर: हात पुढे गेलेली एक, हात मागे आलेली एक, मान वळवून कोणाशी बोलतानाची एक. तो ज्या ठेवणीत येईल त्या आकृतीवर चार रेषा घाल आणि पुढची येईपर्यंत पाहत राहा. बसची वाट पाहणारा माणूस काम करत नसला तरी तोही एका पायावरचा भार दुसऱ्यावर देतो आणि काही वेळाने पुन्हा पहिल्यावर येतो. गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला आहे असे मनात धर. एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या माणसात तो ओळंबा भार पेलणाऱ्या पावलापाशी येतो. ती उभी रेघ आधी काढ, मग खांदे आणि कंबर यांचे उतार, आणि चेहरा सगळ्यांत शेवटी. बस आली आणि माणूस चढून गेला, तर आकृती तेथेच सोड आणि शेजारी वेळ लिही. मागून आलेल्या दुसऱ्याचे पाय त्याला जोडू नकोस. पुष्कळ जण जोडतात, चित्र पुरे दिसते, आणि त्या पानाचे खरेपण जाते.

खोडरबर घरी ठेव. चुकलेल्या रेषेशेजारी दुसरी रेषा ओढ. दोन्ही दिसू देत.

फोटोविषयी माझे मत कडक आहे आणि त्याला कारण आहे. शाळेच्या पगारात भागत नसे तेव्हा मी संध्याकाळी दिवंगतांची तैलचित्रे करून देत असे. लोक पासपोर्ट आकाराचा फोटो आणत, कधी लग्नातल्या घोळक्यातला चेहरा बोटाने दाखवत आणि थोडे हसू आणा म्हणत. फोटोत त्या क्षणाच्या आधीचे काही नसते आणि नंतरचेही नसते. ते हसू मला कोठून तरी आणावे लागे. रेखाटताना पंधरा मिनिटे डोळा माणसावर असतो, तेवढ्यात तो कंटाळतो, कोणाला तरी ओळखतो, पिशवी या हातातून त्या हातात घेतो, आणि हे सगळे त्या एका आकृतीत मुरते. त्या तैलचित्रांनी माझ्या मुलांची शिक्षणे झाली, त्याबद्दल मनात काही नाही. खंत एवढीच की त्या वर्षांत शनिवारच्या बाजारात बसणे फार थोडे झाले, आणि नेमक्या त्याच वर्षांत बाजार बदलत होता.

काय बदलत होते ते सांगतो, कारण तुला वाटते की आपल्याकडे काही घडत नाही. माझ्या जुन्या वह्यांत भाजीवाल्या हातात तागडी धरून आहेत. कोपर खांद्याच्या वर, दुसरा हात पारड्याशी, नजर काट्यावर, आणि गिऱ्हाइकाचीही नजर काट्यावर. दोघांच्या माना एकाच दिशेला वर. पुढच्या वह्यांत इलेक्ट्रॉनिक काटा येतो आणि तो उचललेला हातच चित्रांतून नाहीसा होतो. आता दोघेही खाली आकड्यांकडे पाहतात. बसथांब्यावर ‘तरुण भारत’ची चौघडी करून वाचणारा एक आणि त्याच्या खांद्यावरून वाचणारा दुसरा, ही जोडी पूर्वी पानापानावर होती. तिच्या जागी आता एकेकटी माणसे आहेत, हनुवटी छातीला टेकलेली, अंगठा हलता. खेड्यांतून येणाऱ्या बायकांच्या डोक्यावरच्या बुट्ट्या कमी झाल्या तशी त्यांची चालही बदलली, कारण डोक्यावर ओझे असलेली बाई मान स्थिर ठेवून कंबरेतून चालते. इरकली लुगडी आधी म्हाताऱ्यांपुरती उरली आणि मग तीही विरळ झाली. दुकानांवरच्या मराठी पाट्या कोणत्या वहीत आहेत आणि कोणत्या वहीत नाहीत, हे तर आपल्या भागातल्या माणसाला निराळे सांगायला नको. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे सरकारी नाव बदलून ‘बेळगावी’ झाले त्याच्या आधीची आणि नंतरची पाने मी तारीख न वाचता ओळखू शकतो. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगाव आले, आणि पुढे रस्त्यांचे रूप पालटत गेले तेही तेथे आहे. यातले काहीही मी नोंदायचे म्हणून नोंदलेले नाही. मी माणसे काढत होतो. जागा तीच होती म्हणून बाकीचे आपोआप आले.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याचे नाव तुला माहीत आहे. त्याने १८९२ आणि १८९३ साली फ्रान्समधल्या रूआँ शहरात कॅथीड्रलसमोर बसून एकाच दर्शनी भिंतीची तीसच्या वर चित्रे केली. अनेक कॅनव्हास एकाच वेळी सुरू असत आणि प्रकाश बदलला की तो पुढचा कॅनव्हास हाती घेई. तुला तेवढे कॅनव्हास नकोत, एक पान पुरे. सूर्य आकाशात तासाला पंधरा अंश सरकतो. अंगणातल्या खांबाची सावली नऊ वाजता काढ, दहाला त्याच पानावर निराळ्या दिशेच्या रेषांनी पुन्हा काढ, अकराला पुन्हा; फक्त माणसांच्या चित्रात सावली एकदाच ठरव आणि नंतर तिच्या मागे धावू नकोस. आपल्याकडे सूर्य माथ्याशी येतो तो घड्याळात साडेबाराच्या सुमारास. मे महिन्याच्या सुरुवातीला त्या वेळी खांबाला सावलीच उरत नाही. डिसेंबरच्या अखेरीस त्याच वेळी ती खांबाच्या उंचीच्या पाऊणपटीहून लांब, उत्तरेकडे पडलेली असते. एवढा मोठा बदल तुझ्या गावात दर वर्षी होतो आणि तू लिहितेस की काही घडत नाही!

आता पुण्याविषयी. मलाही मुंबईला जा म्हणणारे पुष्कळ होते, आणि नंतर ‘हा शाळेतच अडकला’ म्हणणारेही तेच होते. मी त्यांना उत्तर दिले नाही, तुला देतो. चित्रकार के. बी. कुलकर्णी बेळगावातच राहिले, येथेच शिकवत राहिले, आणि रवी परांजपे यांच्यासारखे चित्रकार त्यांच्या हाताखाली तयार होऊन बाहेर गेले. जाणाऱ्याला मी कमी लेखत नाही. पण येथे राहणे म्हणजे मागे राहणे, हे मी कधीच मान्य केले नाही आणि या वयात करणार नाही. मुंबईत मी कदाचित नाव मिळवले असते. तागडी धरलेला तो हात मात्र मला तेथे दिसला नसता, कारण तो एकाच रस्त्यावर वर्षानुवर्षे पाहिल्यावरच नाहीसा झालेला कळतो. हे काम क्षुल्लक आहे असे कोणी म्हणाले तर मी माझ्या वह्या त्याच्यापुढे ठेवीन आणि गप्प बसेन. तुला पुण्याला शिकायला जायचे असेल तर खुशाल जा. रेखाटायला काही नाही म्हणून जाणार असशील, तर सहा महिन्यांत तेथूनही मला हेच पत्र लिहिशील.

कागदाची सबब मला सांगू नकोस. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात कलकत्त्याच्या रस्त्यांवर उपाशी मरणारी माणसे चित्रकार जैनुल आबेदिन यांनी पुडे बांधण्याच्या स्वस्त कागदावर काळ्या शाईने रेखाटली. आज त्या दुष्काळाचे नाव निघाले की ती चित्रे डोळ्यांपुढे येतात. तुला चार-बी पेन्सिल, एक बॉलपेन आणि शिवलेली वही पुरे.

एकटी मुलगी वही घेऊन बसली की लोक टक लावून पाहतात, हे तू शेवटी एका ओळीत लिहिलेस. मला वाटते तीच खरी अडचण आहे आणि जागा बदलत राहण्याचे कारणही तेच आहे. नवी जागा म्हणजे दर वेळी नवे बघे. त्याच जागी जा. पहिल्या खेपेला सगळे भोवती जमतील, दुसऱ्या खेपेला मुले जमतील, आणि त्यानंतर कोणी तरी तुला बसायला पाट देईल. कोणी चित्र मागितले तर दाखव, काढू नकोस म्हणाले तर पान उलट आणि पुढे तो चेहरा काढू नकोस.

कुंभाराच्या अंगणातून सुरुवात कर. घरापासून जवळ आहे, त्या घरची माणसे तुझ्या आईच्या ओळखीची आहेत, आणि खानापूरच्या मातीचे काम दुसरीकडे पाहायला मिळणार नाही. आठवड्यातून एक दिवस, एकाच वेळी, एकाच कोपऱ्यात बस. पाऊस लागला की ओली मडकी सुकत नाहीत आणि कामाची सगळी चाल बदलते, तेव्हा पावसात जाणे टाळू नकोस, पडवीत बस. प्रत्येक पानावर तारीख, वेळ आणि आकाश कसे होते ते लिही. पाने कंटाळवाणी वाटू लागली तरी जागा बदलायची नाही, हे मी तुझ्याकडून मागून घेतो.

वही भरली की आईजवळ दे. त्या अंगणाची पाने सलग असावीत, मध्ये दुसरे काही नको.

तुझे,
सर