आधी देऊळ, मग कवित्व

चि. हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. सोबतचा राजीनाम्याचा मसुदाही वाचला. मसुदा चारचौघांसारखाच, 'वैयक्तिक कारणास्तव' वगैरे, पण त्याच्या डोक्यावर तू तुकोबांची ओळ घातली आहेस: 'सत्य असत्यासी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमतां ॥' हिंजवडीतल्या एचआरला ती कितपत झेपेल, पांडुरंगच जाणे.

ओळीबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती एकटी उचलण्याबद्दल. मेलमध्ये तू लिहितेस, 'सर, खरी मी कोण हे आधी शोधणार आहे. ते सापडल्याशिवाय पुढचं काहीच ठरवायचं नाही.' आणि त्याला आधार म्हणून ही ओळ. मला वाटतं, ज्या अभंगातून तू ती घेतलीस तो नेमकं उलटं सांगतो. म्हणून आज थोडा लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बस.

'याती शूद्र वैश केला वेवसाव' असा तो अभंग सुरू होतो. देहूच्या या वाण्यानं आपली हकीकत सलग सांगितली ती इथे, तीही नाइलाजानं. 'नये बोलों परि पाळिलें वचन । केलियाचा प्रश्न तुम्हीं संतीं.' स्वतःबद्दल बोलू नये, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मग आईवडील गेल्याचं एका ओळीत येतं, आणि पाठोपाठ दुष्काळ. हा १६३० सालचा, गुजरात आणि दख्खन उजाड करून गेलेला. तुकोबांचं रूढ जन्मसाल १६०८ धरलं तर त्या वेळी त्यांचं वय २२-२३. म्हणजे तुझ्याहून लहान. 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली.' व्यवसायात तूट आली, जिवाला लाज वाटू लागली. हे सगळं इतक्या कोरडेपणानं सांगितलंय की पहिल्यांदा वाचताना मी तसाच पुढे गेलो होतो. मागे येऊन पुन्हा वाचावं लागलं.

आता पुढची ओळ बघ. घरदार उद्ध्वस्त झालेला तरुण माणूस, पुढे काय करतो? 'देवाचें देऊळ होतें तें भंगलें । चित्तासी जें आलें करावेंसें.'

देऊळ पडकं होतं, ते नीट करावंसं वाटलं. बस. मी कोण, माझं जीवनध्येय काय, याचा तिथे पत्ता नाही. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं विठ्ठलाचं देऊळ डोळ्यांसमोर ढासळत होतं आणि हात त्याच्याकडे वळले. मग एकादशीला कीर्तन सुरू केलं, आणि तिथे प्रामाणिक कबुली: 'नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं.' सुरुवातीला मन लागतच नव्हतं. तरी संतांची वचनं पाठ केली. दुसरे गात तेव्हा त्यांच्यामागे उभं राहून ध्रुपद, म्हणजे पालुपद, धरलं. जमेल तेवढा उपकार केला, तोही शरीर कष्टवून. आणि एवढं सगळं झाल्यावर कुठे तुझी ती ओळ येते. तिच्याही नंतर स्वप्नातला गुरूपदेश, आणि त्याच्याही नंतर 'यावरी या जाली कवित्वाची स्फूर्ति'.

क्रम लक्षात घे. मराठीत ज्याच्याइतका स्वतःचा आवाज क्वचितच कुणाला लाभला, तो माणूस काही काळ दुसऱ्यांच्या मागे टाळ धरून उभा होता. दुसऱ्यांचे शब्द घोकत होता. आणि स्वतःचा आवाज लागल्यावरही म्हणतो काय, तर 'आपुलिया बळें नाहीं मी बोलत'. तुमच्या पिढीला, आमच्याही म्हण, कुणाचं अनुकरण करणं म्हणजे खोटं जगणं वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. मनापासून केलेलं अनुकरण कुठेतरी अडतं. जिथे अडतं, जिथे दुसऱ्याची चाल आपल्या गळ्यात बसत नाही, तिथे पहिल्यांदा आपला गळा कळतो. पण त्यासाठी आधी गावं लागतं. नुसतं गळ्याला हात लावून बसून ते कळायचं नाही.

तू केलेल्या त्या ऑनलाइन व्यक्तिमत्त्व चाचणीबद्दल एवढंच म्हणेन: मार्चमध्ये निकालाची चार अक्षरं वेगळी आली आणि जूनमध्ये वेगळी, याचा धसका घेऊ नकोस. बऱ्याच जणांचं तसंच होतं. त्या प्रश्नांना आपण जी उत्तरं देतो ती आपण स्वतःला कसे समजतो याची असतात. आपण कसे आहोत ते प्रकरण वेगळं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. ट्रेनिंग सेंटरमध्ये आयुष्य गेलं माझं, शिकाऊ पोरांत. भरतीच्या वेळी प्रत्येकाला विचारायचो, 'तुला काय आवडतं?' सगळ्यांचं उत्तर एकच: 'मशीनवर काम करायला, सर.' खोटं बोलत नसत ती. त्यांना खरंच तसं वाटायचं. मग त्यांच्या हातात कानस द्यायचो आणि व्हाइसमध्ये लोखंडाचा एक तुकडा. घास. गुण्या लावून उजेडाकडे धरला तर फट दिसता कामा नये, इतका सपाट आणि काटकोनात कर. कंटाळवाणं काम, आणि हाताला फोड. पण दोन-तीन आठवड्यांत कोण काय आहे ते सगळं बाहेर यायचं. एखादा मापाकडे दुर्लक्ष करून वरची बाजू पॉलिश पेपरनं चकचकीत करायचा, कारण सर आधी तीच बघतात. एखादा माप जास्त घासलं गेलं की गुपचूप तुकडा बदलून आणायचा. एखादा स्वतःचा तुकडा सोडून शेजारच्याला कानस कशी धरायची ते दाखवत बसायचा. आणि एखाद्या वर्षी असा एक यायचा की जेवणाची घंटा झाली तरी गुण्या लावून डोळा बारीक करून बघतोय. यांतल्या एकालाही भरतीच्या दिवशी आपल्याबद्दल हे सांगता आलं नसतं. त्यांच्या मनात ते लपलेलं नव्हतंच. कानस हातात आल्यावर ते घडलं.

तूही कॉलेजमधून आमच्याकडे इन-प्लांट ट्रेनिंगला आली होतीस. तुला आठवतं ते वेगळं असेल. मला काय आठवतं ते सांगतो. मशीनवर तुझं मन रमत नव्हतं. ते तुझ्या चेहऱ्यावर दिसायचं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. पण सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा कामगार, एखादं सेटिंग का बदलतो हे कागदावर कुठेच नाही, फक्त त्याच्या डोक्यात आहे, हे तुला सहन होईना. चहाच्या सुट्टीत त्याच्या मागे लागून तू सेटिंग शीट मराठीत लिहून काढलीस, आकृत्यांसह. कुणी सांगितलं नव्हतं. मार्क नव्हते. तुझ्या रिपोर्टमध्येही तू ते घातलं नाहीस. तू गेल्यावरही ती पानं मशीनशेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत टांगलेली होती आणि नवीन पोरं ती वाचत.

आता तुझ्या मेलकडे येतो. पानंच्या पानं तू 'मी' या विषयावर लिहिलीस. मधेच एक वाक्य आहे, जाता जाता टाकलेलं: नवीन जॉइन झालेल्यांना द्यायची कागदपत्रं इतकी भिकार होती की रात्री बसून तू ती पुन्हा लिहिलीस, आणि मॅनेजरनं साधी दखलही घेतली नाही. तुझा रोख मॅनेजरवर होता. मी मात्र तिथेच थांबलो. तेच देऊळ, पुन्हा पडकं, आणि पुन्हा तूच तिथे.

यावरून तू लेखिका हो, शिक्षिका हो, असा निकाल मी देणार नाही. तेवढं मला दिसत नाही. एवढंच दिसतं की एकाच प्रकारची मोडतोड तुला पुन्हा पुन्हा खुपते आणि न सांगता तुझे हात तिथे जातात. या धाग्याला धरून राहा. 'मला काय आवडतं' या प्रश्नाचं उत्तर मूडप्रमाणे बदलतं. 'मला काय मोडकं बघवत नाही' याचं उत्तर सहसा वर्षानुवर्षं तेच राहतं.

आणि चार माणसांना विचार. मानसशास्त्रज्ञ सिमीन वझीर यांनी २०१० साली यावर काम मांडलं, ते मला पटतं. आपली भीती, काळजी, आतली घालमेल आपल्यालाच जास्त नीट कळते. पण बुद्धी, कल्पकता अशा ज्या गोष्टींत आपला मान अडकलेला असतो, त्यांच्याबाबत जवळच्या मित्रांचा अंदाज आपल्यापेक्षा खरा निघतो. तेव्हा 'मला आतून कसं वाटतंय' हे कुणाला विचारू नकोस, ते तुझं तुला माहीत आहे. 'मी कोणतं काम करताना तुम्हाला बरी दिसते' हे विचार. तुझ्याबरोबर काम केलेल्यांना विचार, नुसतं कौतुक करणाऱ्यांना नको.

इथे तू मला पकडशील. 'वचन मानिलें नाहीं सुहृदाचें' असंही त्याच अभंगात आहे, सर! आहे ना. पण तीही ओळ शरीर कष्टवण्याच्या नंतर येते. ज्यानं काही करून पाहिलंय त्याला कुणाचं ऐकायचं नाही हे ठरवण्याचा अधिकार मिळतो. काहीच न करता बहुमत झिडकारायला काय लागतं? मनाला साक्षीदार करायचं तर मनानं आधी काही पाहिलेलं तर हवं.

आणखी एक गोष्ट, जी कीर्तनात फार हलकी करून सांगतात. 'समूळ प्रपंचें वीट आला' असं तुकोबा म्हणू शकले, पण प्रपंच कुठे गेला नव्हता. तो जिजाईच्या, त्यांच्या दुसऱ्या बायकोच्या, डोक्यावर होता. घरात काय रांधायचं हा प्रश्न तिचा होता. तिची बडबड तुकोबांनीच अभंगांत नोंदवून ठेवली आहे, आणि लोक तिला हसतात. मला हसू येत नाही. एका माणसाला स्वतःचा सूर सापडत असताना दुसरं कुणीतरी पीठमीठ बघत असतं. तू नोकरी सोडलीस तर तुझ्या घरी ते कोण बघणार, हे तुझ्या मेलमध्ये कुठेच नाही. घराच्या हप्त्यातला तुझा वाटा, धाकट्याची फी, हे सगळं मला माहीत आहे म्हणून विचारतोय. हे बाजूला ठेवून सापडलेली 'खरी मी' अर्धीच असेल. हप्ता भरणारीही तूच आहेस की.

शिऊरच्या बहिणाबाईंचं चरित्र वाच जमलं तर. तुकोबांना गुरू मानलं म्हणून नवऱ्याचा मार खाल्लेली बाई. घर सोडायची सोय नव्हती. त्यातच राहून तिनं आपली जीवनकथा स्वतः अभंगांत सांगितली, सतराव्या शतकात. सहन करत राहा असं सुचवतोय असं समजू नकोस. तुझ्यापुढे दारं उघडी आहेत, तिच्यापुढे नव्हती. पण स्वतःची ओळख पटायला आधी सगळं रिकामं करून एकटं बसावं लागतं, ही समजूत तिच्याकडे बघून तरी सुटावी.

राजीनाम्याबद्दल: माझा विरोध नाही. कंपनी बदल, काम बदल, अगदी क्षेत्र बदल. फक्त 'स्वतःच्या शोधासाठी' सोडू नकोस, कुठल्या तरी कामासाठी सोड. पुढच्या दोन-तीन महिन्यांत एक पडकं देऊळ निवड. ऑफिसातलंच निवडलंस तरी चालेल, किंवा मी आठवड्यातून जातो त्या आयटीआयमध्ये ये. तिथल्या पोरांना मशीनची इंग्रजी मॅन्युअलं वाचता येत नाहीत आणि मराठीत धड काही नाही. मन लागणार नाही सुरुवातीला. लागलं नाही तरी ये. आणि रोज काय वाटलं याची डायरी नको, काय केलं त्याची ठेव: किती पानं, कुठे अडलं, कुणाला दाखवलं, तो काय म्हणाला. ती आपण दिवाळीनंतर एकत्र वाचू. तोवर राजीनामा ड्राफ्टमध्ये पडू दे, खराब होत नाही.

त्यातून काहीच निघालं नाही तर? नसेल निघत. एवढं सगळं सांगून झाल्यावर तुकोबाही म्हणतात, 'आतां आहे तैसा दिसतो विचार । पुढील प्रकार देव जाणे.' त्यांनाही पुढचं दिसत नव्हतं, आणि त्यावाचून त्यांचं अडलं नाही.

शेवटी तू विचारलंस की बाबांशी मी बोलेन का. नाही बोलणार. ते माझं ऐकतील हे मला ठाऊक आहे, म्हणूनच नाही. पगाराचा आकडा, हप्ता आणि तू ठरवलेलं काम एका कागदावर लिही आणि रविवारी जेवणं झाल्यावर त्यांच्यासमोर ठेव. जेवणाआधी नको, त्यांना साखरेचा त्रास आहे, भुकेले असले की चिडतात. आईला शेजारी बसव. काय म्हणाले ते सोमवारी कळव. आयटीआयला यायचं ठरलं तर बुधवारी दहा वाजता गेटवर भेट, आधार कार्डाची झेरॉक्स आण, वॉचमन त्याशिवाय आत सोडत नाही.