तुळशीची माळ घातल्यापासून घरचे आणि मित्र दुरावत आहेत. मी काय करावे?

तुम्ही लिहिले आहे की गेल्या कार्तिक वद्य एकादशीला आळंदीत तुम्ही माळ घातली, मांस आणि मद्य सोडले, रोज सायंकाळी हरिपाठ म्हणू लागलात, आणि तेव्हापासून आई अबोल झाली, मित्र ‘महाराज’ म्हणून चिडवू लागले आणि काका भर पंगतीत म्हणाले की, माळ खुंटीला अडकव आणि गुमान जेवायला बस. परमार्थाच्या वाटेवर आपलीच माणसे आडवी का येतात, असा तुमचा प्रश्न आहे, आणि पुढच्या महिन्यातल्या गावच्या जत्रेला जावे की नाही, हेही तुम्ही विचारले आहे. मी 2003 साली, वयाच्या 31व्या वर्षी, आळंदीतच माळ घातली. काकांचे ते वाक्य मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून जसेच्या तसे ऐकलेले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आमची आई विधवा होती. दुसऱ्यांच्या शेतात खुरपून तिने आम्हा दोघा भावांना वाढवले. आठवडाभर भाकरीबरोबर जे असेल ते खायचे, पण रविवारी मात्र ती कुठूनतरी पैसे उभे करी, खोबरे भाजून पाट्यावर वाटण वाटी आणि मटणाचे कालवण करी. तिच्याकडे आम्हाला देण्यासारखे जे काही होते, त्यातले सर्वांत मोठे ते होते. माळ घालून घरी परतल्यावर त्याच रविवारी मी तिला सांगितले की, आता हे मला चालणार नाही. मी बोललो ते मटणाविषयी, तिने ऐकले ते स्वतःविषयी: तुझ्या हातचे मला नको. हे माझ्या ध्यानात यायला दोन वर्षे लागली, आणि त्या दोन वर्षांत मी आणखी एक गोष्ट करून बसलो. माळ देणाऱ्या महाराजांनी मला अभक्ष्य आणि मद्य वर्ज्य करणे, एकादशी धरणे, हरिपाठ म्हणणे, वर्षातून एक वारी करणे आणि परस्त्रीला मातेसमान मानणे एवढेच सांगितले होते. तवा वेगळा, पातेली वेगळी, चूल आधी सारवून घ्यायची, या मागण्या माझ्या स्वतःच्या होत्या. ज्या बाईने तीस वर्षे मला जेवू घातले, तिच्या भांड्यांना मी विटाळ लावला आणि त्याला शुद्धता म्हणत राहिलो. तिने मग माझ्याशी बोलणे सोडले, आणि मी समजलो की माझ्या भक्तीला विरोध होत आहे.

इथेच मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. आपण लहानपणापासून कीर्तनात संतांच्या छळाच्या कथा ऐकत आलो आहोत. आळंदीत बहिष्कृत झालेली ज्ञानदेवादी भावंडे, देहूत तुकोबांना छळणारा मंबाजी, इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या, हे सारे आपल्याला इतके परिचयाचे असते की घरात कोणी जरा विरोध केला की आपण नकळत स्वतःकडे तुकोबांची भूमिका घेतो आणि समोरच्याला मंबाजीचे सोंग देतो. विरोध होतो आहे, म्हणजे आपली वाट खरी आहे, असा एक गोड समज मनात घर करतो. माळेने जो अहंकार कमी व्हायचा, तो त्या समजावर पोसला जातो. मी माझ्या आईला जवळजवळ दोन वर्षे मनातल्या मनात मंबाजी ठरवून ठेवले होते. आजही ते आठवले की मला वाईट वाटते.

पत्नीच्या बाबतीत तर माझी चूक अधिक उघड होती. ज्ञानोबांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि सुमारे 250 किलोमीटर चालून आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत पोहोचते. शेतकऱ्याच्या घरी हेच दिवस खरिपाच्या पेरणीचे असतात. पाऊस पडला, वाफसा आला की दोन-चार दिवसांत बी मातीत जायला हवे. ट्रॅक्टरवाल्याच्या मागे फिरावे लागते, मजूर मिळत नाहीत. पहिली दोन वर्षे मी आळंदीपासून पंढरपूरपर्यंत सबंध वाट चाललो, आणि आमच्या दीड एकरात घेवडा आणि सोयाबीन माझ्या पत्नीने पेरले, कडेवर मूल घेऊन. पुढच्या वर्षी जायच्या आदल्या रात्री ती म्हणाली, “या वर्षी नका जाऊ.” मी तिला उत्तर दिले की, परमार्थात आडकाठी करू नकोस. माझ्या वारीचे मोल ती आपल्या पाठीने चुकवीत होती, आणि त्या वारीविरुद्ध एक शब्द बोलण्याचाही अधिकार मी तिला दिला नाही.

त्याच वर्षी नीरा ओलांडून पालखी तरडगावच्या मुक्कामी असताना घडलेला प्रसंग माझ्या मनातून जात नाही. तुम्ही वारीला गेला असाल तर जाणताच की तिथे वय, जात, मान काही न पाहता माणसे एकमेकांना ‘माउली’ म्हणून एकमेकांच्या पाया पडतात. एका अनोळखी वारकऱ्याच्या पायांवर मी वाकलो. ते पाय भेगाळलेले होते, अंगठ्याचे नख काळे पडलेले होते, आणि ते हुबेहूब माझ्या भावाचे पाय वाटत होते. घरातून निघताना मी भावाच्या पाया पडलो नव्हतो, कारण आमचे बोलणे बंद होते. वाटेत भेटेल त्याच्या पायी मस्तक ठेवणारा मी, घरातल्या एकाही माणसापुढे वाकायला तयार नव्हतो. त्या रात्री तंबूत मला झोप लागली नाही.

संत बहिणाबाईंचे चरित्र मी त्यानंतर नव्या डोळ्यांनी वाचले. (जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी त्या वेगळ्या, या 17व्या शतकातल्या, वैजापूर भागात जन्मलेल्या आणि शिऊरला देह ठेवलेल्या.) आपले जीवन त्यांनी स्वतःच अभंगांतून सांगितले आहे, म्हणून घरातला विरोध आतून कसा दिसतो हे त्यांच्याइतके स्पष्ट फार थोड्यांनी लिहिलेले आढळते. त्यांचे लग्न अगदी लहानपणी त्यांच्याहून कितीतरी मोठ्या असलेल्या वैदिक ब्राह्मणाशी झाले. भाऊबंदकीतून घर सुटले आणि कुटुंब फिरत फिरत कोल्हापूरला आले. तिथे कीर्तनातून तुकोबांचे अभंग बहिणाबाईंच्या कानी पडले आणि स्वप्नात तुकोबांचा अनुग्रह झाला. पतीने त्यांना मारले, बांधून ठेवले, आणि पोटात गर्भ असताना सोडून जाण्याची तयारी केली.

या क्रोधामागे केवळ दुष्टपणा होता असे मला आता वाटत नाही. वेदपठण आणि भिक्षुकी हाच त्या गृहस्थांचा चरितार्थ होता, हाच मान होता. त्यांच्या कोवळ्या वयाच्या पत्नीने एका शूद्राला गुरू मानले, आणि लोक तिच्या दर्शनाला येऊ लागले. वर्णाचा अभिमान, पोटाची चिंता आणि नवरेपणाला लागलेला धक्का असे सगळे त्यात एकत्र होते. पुढे ते आजारी पडले, बहिणाबाईंनी त्यांची शुश्रूषा केली, त्यांचे मन पालटले, आणि ते स्वतः कुटुंबाला घेऊन देहूला तुकोबांपाशी गेले. बहिणाबाईंनी विठ्ठल सोडला नाही आणि आजारी माणसाच्या उशाशी बसणेही सोडले नाही.

परंतु या कथेतून सहन करीत राहावे असा अर्थ मी मुळीच काढत नाही, आणि तुम्हीही काढू नये. बहिणाबाईंना दुसरा मार्गच नव्हता. आज कोणाच्या घरात भक्तीवरून किंवा दुसऱ्या कशावरूनही मारहाण होत असेल, तर तिथे साधना म्हणून गप्प बसणे चूक आहे. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा आहे, महिलांसाठी 181 हा मदत क्रमांक आहे, त्यांचा आधार घ्यावा. आणि सगळेच विरोधक पालटतात असेही नाही. वह्या बुडवायला लावणारे रामेश्वरभट्ट पुढे तुकोबांचे शिष्य झाले. मंबाजी झाल्याचे कोणी सांगत नाही. त्याने देहूत बहिणाबाईंच्या कुटुंबालाही त्रास दिला. काही माणसांपासून अंतर राखावेच लागते, मात्र तो निर्णय घाईने घेण्याचा नसतो.

कधी घरच्यांचा विरोध सरळसरळ बरोबरही असतो. एखाद्या बुवाच्या नादी लागून कोणी औषध बंद करतो, कर्ज काढून देणग्या देतो, मुलांच्या शाळेची फी थकवतो. अशा वेळी अडवणारी आई हीच खरी हितचिंतक असते. तुमच्या पत्रात असे काही दिसत नाही, तरीही स्वतःला एकदा विचारून घ्यावे.

मित्रांविषयी मी आशेने फार काही सांगू शकणार नाही. आमचा सहा जणांचा गट होता, शनिवारी रात्री विहिरीवर बसायचो. मी माळ घातल्यावर काही महिने जात राहिलो, शेंगदाणे खात बसायचो. परंतु माझे तिथे नुसते बसणेसुद्धा त्यांना टोचू लागले. मी एका शब्दानेही उपदेश केला नव्हता, तरी दारूचा पेला उचलताना प्रत्येक जण एकदा माझ्या गळ्याकडे पाही. आपल्यातला एक जण बदलू शकतो, हे दिसले की आपण का बदललो नाही हा प्रश्न इतरांना पडतो, आणि तो प्रश्न टाळण्याचा सोपा उपाय म्हणजे त्या माणसाला ‘महाराज’ म्हणून हसणे. त्यातले दोघे आजही माझे जिवलग आहेत. त्यांच्याशी नाते टिकले ते शेतीच्या कामात, दवाखान्याच्या खेपांत, एकमेकांच्या मुलांच्या लग्नांत. उरलेल्या तिघांशी रामराम घालण्यापुरता संबंध राहिला. ते तिघे वाईट होते असे मी मानत नाही. त्यांची आठवण येते.

घरात मी काय बदलले ते सांगतो. भांड्यांची मागणी मागे घेतली. चौथ्या वर्षापासून पेरणी उरकल्यावर निघू लागलो आणि वाटेत जिथे दिंडी गाठता येईल तिथे मिळालो. असे कितीतरी शेतकरी वारीत असतात, आणि त्यांना कोणी कमी वारकरी मानीत नाही. ज्या वर्षी पाऊस लांबला त्या वर्षी आषाढी सोडून कार्तिकीला गेलो. हरिपाठाची वेळ धारा काढून, गोठा झाडून झाल्यानंतर ठेवली. आईला मात्र मी तोंडाने काहीच समजावले नाही. एका रविवारी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, “आज मला तुझ्या हातचे पिठले खायचे आहे.” तिने माझ्याकडे पाहिले, काही बोलली नाही, पण लसूण ठेचायला घेतला. त्यानंतर ती गेली तोपर्यंत, म्हणजे अकरा वर्षे, दर रविवारी आमच्या घरी दोन कालवणे झाली.

आता तुमच्या जत्रेविषयी. जरूर जा. आमच्या भागात जत्रेच्या पहिल्या दिवशी देवाला पुरणपोळीचा गोड नैवेद्य असतो आणि दुसऱ्या दिवशी बोकड पडतो. तुमच्याकडेही बहुधा तसेच असेल. दुसऱ्या दिवशी कामाला उभे राहा: पाणी भरा, पाहुण्यांचे हातपाय धुवायला तांब्या द्या, चटया अंथरा, म्हाताऱ्यांना गाडीपर्यंत पोहोचवा. काका माळेवरून बोलतील तेव्हा त्यांच्या पाया पडा, आणि ते मनापासून पडा, त्यांना गप्प करण्यासाठी नको. ताटात काय घ्यायचे हे ठरलेलेच आहे, ते कोणाला पुन्हा सांगण्याची गरज नाही. आणि पहिल्या दिवशी सकाळीच स्वयंपाकघरात जाऊन पुरणयंत्र हातात घ्या आणि आईच्या शेजारी बसून पुरण वाटू लागा. त्या दिवशी माळेचा विषय काढू नका. ती ज्या गोष्टी बोलेल त्याच बोला.