घड्याळ लावून चित्रं काढल्याने हात मोकळा होतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: जलरंगातली चित्रं नेटकी होतात, पण घट्ट आणि निर्जीव वाटतात, तर वेळ लावून सराव केल्याने फरक पडेल का? पडतो. मला स्वतःला पडला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी एलिमेंटरी-इंटरमीजिएट या शालेय चित्रकला परीक्षांच्या तालमीत वाढले. आधी रेखाटन पक्कं करायचं, मग रेघेच्या आत रंग भरायचा आणि एक भाग वाळल्यावरच दुसऱ्याला हात लावायचा. त्या शिस्तीने पाया घडला, त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण पुढे कित्येक वर्षं मी रेखाटनंच रंगवत राहिले.

ती सवय मोडली एका भरताच्या वांग्याने. स्वयंपाकघरातलं वांगं टेबलावर ठेवलं आणि मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावला. नेहमीसारखं नीट चित्र झालं. मग तेच वांगं दहा मिनिटांत काढलं आणि शेवटी पाच मिनिटांत. पाच मिनिटांत पेन्सिल धरायलाही सवड नव्हती. बारा नंबरचा गोल ब्रश घेतला, अल्ट्रामरीन निळा आणि क्रिमसन लाल पॅलेटवर अर्धवटच मिसळले आणि एका दमात आकार टाकला. चकाकीची जागा कोरी सोडली. जांभळा वाळायची वाट बघायला वेळ नव्हता, म्हणून देठाचा हिरवा ओल्यातच लावला. तो जांभळ्यात उतरला आणि देठाखाली जो काळपट सावलीचा पट्टा असतो, तो आपोआप तयार झाला. वीस मिनिटांच्या चित्रात तोच पट्टा मी चार वेळा गिरवला होता, तरी तो चिकटवल्यासारखा दिसत होता.

त्यातून पुढे कळलं की गजरामुळे आपण निवड करायला लागतो. काय घ्यायचं, काय सोडायचं, हे एरवी आपण टाळत राहतो. वेळ हाताशी असला की सगळंच घेतो.

म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगते: पाच मिनिटं मिळाली की लगेच ब्रश उचलू नका. पहिलं मिनिट नुसतं बघा. डोळे किलकिले केले की बारकावे विरघळतात आणि उजेड-सावलीचे तीन-चार मोठे आकार उरतात. तेवढेच रंगवायचे. हे न करता नुसती घाई केली तर घट्ट चित्राऐवजी विस्कटलेलं चित्र मिळतं, दुसरं काही नाही. ब्रश तुम्हाला गैरसोयीचा वाटेल इतका मोठा घ्या. कागद मात्र महागडा नको, नाहीतर तो वाया जाईल या भीतीनेच हात आखडतो. मी जुन्या चित्रांच्या पाठकोऱ्या बाजू वापरते.

आणि पाच मिनिटांवर थांबू नका. त्याच बैठकीत शेवटी पुन्हा वीस मिनिटांचं चित्र काढा. खरा बदल तिथे दिसतो: रंग पाच मिनिटांतच लागलेले असतात आणि उरलेला वेळ बघण्यात जातो.

जलरंगाचं स्वतःचंही एक घड्याळ असतं. एप्रिलमध्ये पुण्यात मंडईसमोर बसलात तर वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, बघता बघता वाळतो, आणि पावसाळ्यात कोकणात तोच वॉश कितीतरी वेळ ओला राहतो. त्यामुळे गजराचे आकडे ऋतूप्रमाणे बदला. बाहेर बसलात तर ऊनही थांबत नाही. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने 1892 आणि 1893 मध्ये फ्रान्समधल्या रुआँच्या कॅथेड्रलसमोर एकाच वेळी अनेक कॅनव्हास मांडून बसायचा आणि उजेड सरकला की पुढचा कॅनव्हास घ्यायचा. नंतर स्टुडिओत त्याने त्यांवर पुष्कळ काम केलं, हेही खरं. तेव्हा सावकाश केलेलं काम कमअस्सल असतं असं मुळीच समजू नका.

महिनाभर रोज अर्धा तास करून बघा. प्रत्येक कागदाच्या मागे तारीख आणि मिनिटं लिहा, आणि पहिले पंधरा दिवस एकही कागद फाडू नका. माझं ते पाच मिनिटांचं वांगं मला त्या दिवशी फसलेलंच वाटलं होतं. आठवड्याने भिंतीला टेकवून लांबून पाहिलं, तेव्हा देठाखालची ती सावली दिसली.