५५१३ निवडताना चकाकी बघू नका, धातू बघा

तुमच्यासमोर दोन रोलेक्स सबमरिनर घड्याळं आहेत. दोन्ही ५५१३ मॉडेलची, दोन्ही १९७९ ची असल्याचं विक्रेते सांगतात. एक पॉलिश करून लखलखीत केलेलं, दुसऱ्यावर ओरखडे आणि डायलवरच्या खुणा पिवळट. तरी दुसऱ्याची किंमत जास्त का, हा तुमचा प्रश्न. फोटो नीट पाहिले. मी दुसरंच घेईन.

पॉलिश म्हणजे पोलाद घासून काढणं. लग, म्हणजे पट्टा धरणारे चार पाय, बाजूने बघा. ५५१३ च्या लगना आरपार भोकं असतात. पहिल्या घड्याळात ती भोकं कडेच्या अगदी जवळ आलीत आणि त्यांची तोंडं गोलावलीत. लग बारीक झालेत, वरची तिरपी कड तर दिसतच नाही. लेझर वेल्डिंगने भर घालून आकार परत आणणारे कारागीर आहेत, पण मग ते कारखान्यातून निघालेलं पोलाद उरत नाही. ओरखडे मात्र मला अजिबात खटकत नाहीत. हे पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेलं घड्याळ आहे, वापरलं जाणारच.

खरा पैसा डायलचा. १९८४ च्या सुमारापर्यंत ५५१३ ला मॅट काळी डायल यायची, चमकणाऱ्या खुणा थेट तिच्यावर रंगवलेल्या. नंतर चकचकीत डायल आली आणि खुणांभोवती पांढऱ्या सोन्याची कड. पहिल्या घड्याळाला ही कडवाली डायल आहे, म्हणजे ती पुढे कधीतरी सर्व्हिसिंगमध्ये बदलली. ती कंपनीचीच असेल, बनावट म्हणत नाही. पण १९७९ ची नव्हे.

दुसऱ्यावर ट्रिशियम आहे, म्हणजे खुणा अंधारात चमकाव्यात म्हणून वापरलेला किरणोत्सर्गी पदार्थ. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, १२.३ वर्षं, त्यामुळे आज मूळ ट्रिशियमचा जेमतेम तेरावा-चौदावा भाग शिल्लक असेल. अंधारात ते जवळपास मेलेलंच असायला हवं. टॉर्च मारल्यावर क्षणभर उजळून विझलं तर ठीक. बराच वेळ हिरवं तेवत राहिलं, तर वर नवा रंग चढलाय. काट्यांचा आणि खुणांचा पिवळेपणाही जुळवून बघा, कारण काटे फार सहज बदलले जातात.

पट्टा काढून लगच्या मधले फोटो मागवाच. १२ च्या बाजूला मॉडेल क्रमांक, ६ च्या बाजूला अनुक्रमांक असतो. सालाचा अंदाज त्या अनुक्रमांकावरूनच येतो. घामामिठाने पोलादाला खड्डे पडलेत का, तेही तिथेच कळतं. विक्रेता हे फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर व्यवहार सोडून द्या.

घेतल्यावर एक करा: सर्व्हिसिंगला देताना ‘पॉलिश करू नका, डायल-काटे बदलू नका’ असं कागदावर लिहून घ्या. नवं असताना हे २०० मीटरपर्यंत चालायचं. आता सील बदलून, दाबाची चाचणी झाली तरी मी ते पाण्यात नेणार नाही. आत शिरलेला एक थेंब ही डायल कायमची डागाळून टाकू शकतो.