डीट या डासांना दूर ठेवणाऱ्या रसायनाचं प्रमाण न वाढवता डास पळवणारं क्रीम जास्त वेळ टिकेल असं करता येतं का?
हो, डीट त्वचेवरून उडण्याचा वेग कमी केला की जमतं. त्याचा परिणाम ओसरतो कारण ते हवेत उडतं, थोडं त्वचेत मुरतं आणि उरलेलं घामाबरोबर जातं. अमेरिकी सैन्य पूर्वी अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं ७५ टक्के डीट वापरायचं. पुढे सुमारे ३३ टक्क्यांचं क्रीम आलं. त्यातलं पॉलिमर डीट धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं, त्यामुळे निम्म्याहून कमी औषधात संरक्षण १२ तासांपर्यंत जातं. तसंही ५० टक्क्यांच्या पुढे डीट वाढवून फारसा फायदा होत नाही, उगाच चिकटपणा वाढतो. मात्र हे तास प्रत्येक डासाला सारखे लागू नाहीत, आणि दमट हवेत घाम पुसत राहिलात तर क्रीम लवकरच पुन्हा लावावं लागेल.