मॅकरेलच्या पोटातल्या गुंडाळ्या आणि लिंबू

ताई, मासा टाकू नका. लिंबाचा बेत मात्र सोडा.

नॉर्वेतल्या बर्गनला आणलेल्या अख्ख्या मॅकरेलच्या काळजावर पांढऱ्या गुंडाळ्या दिसल्या, लिंबू-मिठात रात्रभर मुरवून तो कच्चा खाल्ला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. हा ॲनिसाकिस, गोलकृमींतला एक जंत. नॉर्वेत त्याला क्वेइस म्हणतात. घड्याळाच्या स्प्रिंगसारखं वेटोळं घालून बसतो, सोडवला तर दोनेक सेंटिमीटर भरतो. पहिल्यांदा मी दोरा समजून ओढला, तर दोराच बोटाभोवती वळायला लागला. त्या रात्री आमच्याकडे वरणभात झाला.

या जंताचं खरं घर देवमासे आणि डॉल्फिन यांच्या जठरात. अंडी विष्ठेतून समुद्रात जातात, बाहेर आलेली पिल्लं क्रिल या कोळंबीसारख्या बारक्या जीवाच्या पोटात, क्रिल माशाच्या पोटात. मासा म्हणजे वाटेतली धर्मशाळा. जो जठराच्या आम्लात संसार थाटायला निघालाय, त्याला रात्रभराचं लिंबू काय करणार? व्हिनेगर, आगळ, सगळ्याचं तेच. मांस पांढरं पडून शिजल्यासारखं दिसतं, हा आत जिवंतच. नेदरलँड्समध्ये १९६० च्या सुमारास या जंताचं दुखणं ओळखलं गेलं ते हलक्या खारवलेल्या हेरिंग माशामुळे. १९६८ पासून तिथे हेरिंग आधी गोठवणं सक्तीचं झालं.

माणसाच्या पोटात तो मोठा होत नाही, पण जठराच्या अस्तरात तोंड खुपसतो. काही तासांत पोट मुरडून दुखतं आणि एंडोस्कोपीच्या चिमट्याने काढावा लागतो.

मासा आणला की लगेच पोट साफ करा. मासा मेल्यावर काही जंत आतड्यांकडून पोटाजवळच्या मांसात शिरतात, म्हणून ती पातळ कड मी कापूनच टाकते. मग तळा, कालवण करा. तुकडीच्या गाभ्यापर्यंत ६० अंश मिनिटभर पोचले की तो मेला. कच्चाच खायचा तर युरोपातला नियम उणे २० अंशांवर २४ तास, तेही गाभ्यापर्यंत. घरचा फ्रीझर बहुधा उणे १८ चा आणि गोठवतोही सावकाश, म्हणून त्यावर विसंबून मी कच्चा खात नाही. सुशीतला सॅल्मन मासा बहुतेक पाळलेला, गोळीखाद्यावर वाढलेला, त्याची गोष्ट वेगळी.

मासा नीट शिजवूनही अंगावर पित्त उठलं तर डॉक्टरांना या जंताबद्दल सांगा. काहींना मेलेल्याचीही ॲलर्जी असते.

मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचा थोराड चुलतभाऊ, तिखल्याला झकास. तिरफळं संपली असतील तर कळवा, माझ्याकडे डबाभर आहेत.