कुतुपालोंगला निघालीस म्हणून

प्रिय पोरी,

बांगलादेशात कॉक्स बाजारला, म्यानमारहून पळून आलेल्या रोहिंग्यांच्या छावणीत कामाला जायचं नक्की झालं, हे तुझ्या आईकडून कळलं. काय वाचून जाऊ, असं विचारलंस. वाच हवं ते. मी 2018च्या पावसाळ्यात तिथल्याच कुतुपालोंग छावणीतल्या एका दवाखान्यात होते. त्याआधीची सगळी नोकरी मेळघाटात नर्सबाई म्हणून गेली. दोन्हीकडे मी एकाच गोष्टीत चुकले, ती आधी सांगते.

एक बाई दर आठवड्याला लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन यायची. मी गोळ्या द्यायचे आणि "पाणी भरपूर पी" म्हणायचे. ती मान हलवायची. चौथ्या खेपेला दुभाषी मुलीने मला बाजूला घेतलं. "दीदी, ती दुपारनंतर पाणी पीतच नाही." संडास उताराच्या खाली, वाटेत चिखल आणि पुरुषांचा घोळका, दाराला आतून कडी नाही. रात्री जायची वेळ येऊ नये म्हणून बाई तहान मारत होती, आणि माझ्या केसपेपरवर यातलं अक्षर नव्हतं. मेळघाटात "वेळेवर दवाखान्यात यायला काय होतं?" म्हणून बायकांवर खेकसणारी मी, तिथेही तशीच. तेव्हा आजार विचारायच्या आधी वाट विचार. किती वाजता निघालीस, सोबत कोण आलं, धाकटं कुणाकडे ठेवलंस.

"मुलं किती?" हा प्रश्न मात्र पहिल्याच भेटीत कागद पुढे ओढून विचारू नकोस. 1982च्या नागरिकत्व कायद्याने म्यानमारने रोहिंग्यांना नागरिकत्वाबाहेर ठेवलं. उत्तर राखाईनमध्ये, म्हणजे त्यांच्या मुलखात, त्यांच्यावर दोनच मुलांची सक्ती होती, म्हणजे तिसरं झालं की लपवायचं. अशा बाईला तुझ्या हातातलं पेन कसं दिसत असेल? ऑगस्ट 2017 नंतर काही महिन्यांत सात लाखांवर माणसं सीमा ओलांडून आली. त्यातल्या कित्येक बायकांवर म्यानमारच्या सैनिकांनी अत्याचार केले होते. ते खोदून काढायचं नाही. बोलली तर ऐकायचं, आणि कुणाकडे पाठवायचं हे आपल्याला आधीच माहीत हवं. बायकांसाठीच्या बसायच्या जागांना तिथे 'शांतिखाना' म्हणतात. तिथल्या बायांशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घे. दवाखान्यात आमच्याशी कुणी फारसं बोलत नसे. तिथे शिवणकाम करता करता बोलायच्या.

भाषेचं म्हणशील, तर तिथे आसपास बोलतात ती चितगावची बोली रोहिंग्यांच्या बोलीच्या जवळची, पण तीच नव्हे. पाळीला बायका 'गोसोल' म्हणजे आंघोळ म्हणतात. दुभाषा पुरुष असेल तर तेवढंही म्हणत नाहीत. आपल्याकडे 'कावळा शिवला' म्हणायचे, तसलंच. वस्तीच्या पुढाऱ्याला 'माझी' म्हणतात, पहिल्या दिवशी "माझी कुठे आहे?" ऐकून मी आपली चपला शोधत होते!

मुलांचा दंडघेर तू इथे अंगणवाडीत मोजलाच आहेस. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली पट्टी लाल, म्हणजे पोर तीव्र कुपोषित, इथेही आणि तिथेही. शेंगदाण्याच्या पेस्टची पाकिटं देशील, आठ दिवसांनी वजन तेवढंच. आईला रागावू नकोस. घरात पाच पोरं असली तर एकाच्या हातातलं पाकीट बाकीची नुसती बघत बसतील का? 2023 साली माणशी महिन्याचं रेशन 12 डॉलरवरून आधी 10 आणि मग जूनमध्ये 8 डॉलरवर आणलं. पुढे वाढवलं, पण तोवरची भूक पोरांच्या दंडावर उतरली असणारच. तेव्हा भावंडांनाही पट्टी लाव.

माझ्या वेळी बाळंतपणं बरीच झोपडीतच व्हायची. दाईला हिणवलंस तर अडलेली बाई तुझ्यापर्यंत फार उशिरा येईल, किंवा येणारच नाही. दाईशी जमवून घे, तिच्याबरोबर चार झोपड्या फीर. आपल्या आशाताईंसारख्या घरोघरी जाणाऱ्या रोहिंग्या बायाही आहेत. घटसर्प 2017च्या शेवटी छावणीत पसरला तेव्हा घशात पांढरा पापुद्रा आलेली पोरं कुठल्या झोपडीत आहेत, हे शेजारपाजारच्या बायांनाच माहीत असायचं.

सामानात छत्री घेऊ नकोस. बांबूच्या पायऱ्या पावसात शेवाळतात, धरायला दोन्ही हात मोकळे लागतात. रेनकोट घे, आणि टॉर्च दोन घे. एक तुझ्या त्या दुभाषी मुलीला दे.

तुझी,
ताई